कुसळाची फिरकी, मारवेलची दाढी

दसऱ्याच्या सुमारास एखाद्या गडावरून उतरून घरी आलं की पहिलं काम ठरलेलं असतं. उंबऱ्याबाहेर बसायचं आणि मोज्यांतली कुसळं उपटायची. आमच्याकडे आई मोजे घरात आणूच द्यायची नाही. पण ही कुसळं फेकून देण्याआधी एक तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. क्षणभरात कुसळ हलायला लागतं. पीळ उलगडत जातो, लांब शेपूट घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो आणि शेपूट उलट्या दिशेला फिरतं. दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दव यांच्या जोरावर हे गवत आपलं बी स्वतःच जमिनीत पेरतं. बियाच्या टोकाला सुईसारखी अणी असते आणि तिच्यावर मागे वळलेले ताठ केस. त्यामुळे आत शिरलेलं बी मागे येत नाही. मोजे आणि मेंढीची लोकर यांच्या बाबतीत तेच घडतं.

हे झालं कुसळी गवत, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. ‘कॉन्टॉर्टस’ म्हणजे पिळलेलं. पण माळावर कुसळं असणारी गवतं अनेक आहेत आणि आपण सरसकट सगळ्यांना ‘कुसळ’ म्हणतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं असं आपल्याकडे म्हणतात. ते नेमकं कुठल्या गवताचं, हेही ओळखता येतं!

कुसळ एकच, लांब, तपकिरी आणि पिळलेलं असेल, आणि एका कणसाची सगळी कुसळं टोकाशी एकमेकांत गुंतून त्यांची वेणी झाली असेल, तर ती कुसळी. कुसळाला वर तीन फाटे फुटलेले असतील, तर ते ॲरिस्टिडा. कोरड्या, उथळ मातीच्या माळांवर ते भरपूर असतं. आणि कणीस एकटं नसून पानासारख्या आवरणांतून घोसाघोसांनी बाहेर आलेलं असेल, प्रत्येक झुबक्याच्या तळाशी चार कणिशकांचं, म्हणजे कणसातल्या छोट्या उपकणसांचं, कडं असेल, तर ते थेमेडा.

थेमेडाशी एकदा ओळख झाली की ते विसरणं कठीण. पावसाळ्यानंतर सह्याद्रीचे उतार तांबूस-केशरी होतात, त्या रंगात त्याचा मोठा वाटा असतो. यातली थेमेडा ट्रायअँड्रा ही जात आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया अशा तीन खंडांत पसरली आहे. ऑस्ट्रेलियात तिला ‘कांगारू गवत’ म्हणतात. तिची जुळी बहीण शोभावी अशी थेमेडा क्वाड्रिव्हाल्विस आपल्याच माळावर शेजारी उभी असते. मुळाशी हात घालून बघा. ट्रायअँड्राचा अनेक वर्षं जगणारा घट्ट ठोंब असतो. क्वाड्रिव्हाल्विस एका पावसाळ्याची पाहुणी, सहज उपटून येते.

गरगर फिरली की अडखळली?

आता सगळ्यांत सोपी परीक्षा. काडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायची. गरगर फिरली तर गवत. तीन कडा बोटांना लागल्या आणि काडी अडखळली, तर तो बहुधा लव्हाळ्याच्या कुळातला. गवताची काडी गोल, बहुतेकदा पोकळ आणि पेरापेरांची. लव्हाळ्याची काडी तीन धारांची, भरीव आणि पेर नसलेली. गवताची पानं काडीच्या दोन बाजूंना दोन रांगांत, लव्हाळ्याची तीन रांगांत.

म्हणजे तुकोबांच्या अभंगातला, महापुरात टिकून राहणारा लव्हाळा हा गवत नाहीच! त्याचं कूळच वेगळं. दिवाळीच्या उटण्यात सुगंधासाठी घालतात तो नागरमोथा म्हणजे याच कुळातल्या वनस्पतीचा जमिनीखालचा कंद. काळ्या रानातल्या शेतकऱ्याला हरळी, कुंदा आणि लव्हाळा या तिघांनी सारखंच हैराण केलेलं असतं. पण त्यातले हरळी आणि कुंदा गवताचे आणि लव्हाळा परक्या घरचा.

उलट ज्याला आपण गवत म्हणत नाही तो बांबू मात्र अस्सल गवत. ऊस, ज्वारी, बाजरी, भात, गहू, नाचणी ही सगळी त्याच घरची. गवताच्या कुळात जगभरात ११,००० हून जास्त जाती आहेत. त्यातल्या मोजक्या दहाबारा आपलं ताट भरतात.

दूर्वा नक्की दूर्वाच ना?

भाद्रपदात चतुर्थीच्या आदल्या दिवशी दूर्वा खुडायला बसलं की हाताखाली काय येईल ते खुडलं जातं. तीन पानांचा कोवळा शेंडा अनेक गवतांना असतो. त्यामुळे एकवीस दूर्वांच्या जुडीत दोन-तीन भलतेच पाहुणे शिरतात. तेव्हा ही चौकडी ओळखून ठेवाच.

दूर्वा म्हणजे हरळी, सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिच्या तुऱ्याला तीन ते सहा बारीक बोटं असतात आणि ती सगळी अगदी एकाच बिंदूतून निघतात. पान जिथे काडीला मिळतं तिथे पडद्याऐवजी बारीक केसांची झालर असते. आणि ती दोन मजल्यांवर पसरते. जमिनीवरून धावणाऱ्या काड्या वेगळ्या आणि जमिनीखालून धावणारी खोडं वेगळी. म्हणूनच नांगरलेल्या रानात तिचा एक तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. जगभरच्या गोल्फच्या मैदानांवर हीच हरळी ‘बर्म्युडा गवत’ या नावाने मिरवते. बर्म्युडा बेटांशी तिच्या जन्माचा काही संबंध नाही.

दुसरी डिजिटेरिया. तुरा लांबून हुबेहूब हरळीसारखा, पण बोटं थोडी वरखाली निघालेली, एका बिंदूतून नव्हे. पानं रुंद, मऊ, पुष्कळदा केसाळ. बोटावरची कणिशकं जोडीजोडीने असतात, त्यातल्या एकाचा देठ लांब आणि दुसऱ्याचा आखूड. ते भिंगातून बघायला फार सुंदर दिसतं.

तिसरं डॅक्टिलोक्टेनियम. याची बोटं आखूड आणि जाड, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला कणिशकं संपल्यावरही दांडीचं उघडं टोक पुढे आलेलं असतं, नख वाढल्यासारखं. ते नख दिसलं की दुसरं काही बघायची गरज नाही.

चौथं म्हणजे नाचणीचं रानटी भावंड, एल्युसिन इंडिका. रस्त्याच्या कडेला, मैदानात, जिथे माणसांची वर्दळ तिथे ते हमखास भेटतं. बुंधा चपटा आणि पांढुरका. पान मधोमध घडी घातल्यासारखं. त्याला नख नसतं, बोट थेट कणिशकावर संपतं. उपटायला जा, दोन्ही हात लावावे लागतात. आपल्या भाकरीच्या नाचणीत दोन वेगवेगळ्या पूर्वजांची गुणसूत्रं आहेत आणि त्यातला एक पूर्वज या रस्त्याकडेच्या गवताच्या घरातला. नाचणी मूळची आफ्रिकेतली, पण हा नातेवाईक आपल्या अंगणातच उभा असतो.

जिभली दाखवा!

भाताच्या खाचरात बेणणी करणाऱ्या बायका ज्या वेगाने तण ओढून काढतात तो पाहिला की थक्क व्हायला होतं. कारण भाताच्या कोवळ्या रोपात लपलेलं सावा गटातलं तण, एकिनोक्लोआ, भातासारखंच दिसतं. तोच हिरवा रंग, तीच उंची, तोच पानांचा कोन. लावणीच्या वेळी ते भाताच्या मुठीतूनच खाचरात जातं.

पण त्याच्यापाशी एक गोष्ट नसते. भाताचं पान हळूच बाहेर ओढा. पान आणि म्यान यांच्या सांध्यात पांढरा, पातळ, टोकाशी दुभंगलेला पडदा दिसेल. ही भाताची जिभली. शेजारी कोयत्याच्या आकाराचे दोन केसाळ कानही असतात. एकिनोक्लोआचं पान ओढा. तिथे काही नाही, ना जिभली ना कान. अख्खा सांधा कोरा. सावा गटातल्या एकिनोक्लोआ कोलोना या जातीच्या पानावर पुष्कळदा आडवे जांभळे पट्टे असतात. ते दिसले तर पान ओढायचीही गरज नाही.

या सोंगामागची गोष्ट मोठी आहे आणि ती मला गवतांच्या सगळ्या गोष्टींत जास्त आवडते. सोंग आणलं कोणी? बेणणी करणाऱ्या माणसांनी! जी रोपं वेगळी दिसली ती उपटली गेली. जी भातासारखी दिसली ती चुकून राहिली, त्यांचं बी पडलं, पुढच्या वर्षी तीच उगवली. शेकडो वर्षं माणूस नकळत तणाला भाताचं रूप देत राहिला. या नकलेला रशियन शास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलॉव्ह यांचं नाव आहे. चीनमधल्या भातखाचरांतल्या एकिनोक्लोआच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथलं सोंग सुमारे १,००० वर्षांपूर्वी सुरू झालं असावं, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि कधी कधी सोंग घेता घेता तण पीकच होऊन बसतं. राय हे युरोपातलं धान्य गव्हातलं तण म्हणून सुरू झालं, हे व्हाविलॉव्ह यांनीच दाखवलं.

भातात लपणारा दुसरा गडी तर त्याच्याच रक्ताचा, रानभात. कोकणात त्याला देवभात म्हणतात. जिभली दोघांनाही, कान दोघांनाही, त्यामुळे रोप असताना ओळखणं महाकठीण. ओंबी आली की मात्र लपणं संपतं. दाण्याला लांब, बहुधा लालसर कुसळ असतं आणि दाणा पिकताच हात लावायच्या आत झडून पडतो. पेरणाऱ्याच्या भाताने झडणं सोडलं, देवभाताने सोडलं नाही. भाताच्या सगळ्या शेतीचा इतिहास या एका फरकात आहे.

मारवेलची दाढी आणि टाचणीचा खळगा

मारवेल ओळखणं ही गवतं शिकणाऱ्याची खरी परीक्षा. गुरांच्या चाऱ्यासाठी मारवेलइतकं नावाजलेलं गवत दख्खनच्या माळावर क्वचितच असेल. शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलॅटम. ‘ॲन्युलॅटम’ म्हणजे कडं असलेलं. का, ते काडी हातात घेतल्याबरोबर कळतं. प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, छोटीशी दाढीच.

पण नुसत्या दाढीवर विश्वास ठेवून चालत नाही. बोथ्रिओक्लोआ पर्टुसा नावाचं गवत त्याच माळावर, त्याच उंचीचं, तशाच जांभळट बोटांच्या तुऱ्याचं, आणि पेरावर केस त्यालाही असतात. ‘पर्टुसा’ म्हणजे छिद्र असलेलं. त्याच्या कणिशकाच्या बाहेरच्या तुसावर टाचणीने टोचल्यासारखा एक नेटका खळगा असतो. खळगा दिसला म्हणजे पर्टुसा, असं पाठ करून पहिल्याच दिवशी माळावर गेलं की फसायला होतं. कारण मारवेलच्याच घरातल्या डायकँथियम फोव्हिओलॅटमलाही तसाच खळगा असतो. त्याचं बोट मात्र एकटं असतं.

मग खरी खूण कुठली? कणिशकाचा देठ उजेडाकडे धरायचा. बोथ्रिओक्लोआच्या देठात मधोमध एक पन्हळ असते आणि ती इतकी पातळ की तिच्यातून उजेड आरपार दिसतो. नावातल्या ‘बोथ्रोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ खळगा किंवा खाच. मारवेलचा देठ भरीव. शिवाय मारवेलच्या प्रत्येक बोटाच्या तळाशी एक-दोन जोड्या बिनकुसळाच्या, एकसारख्या कणिशकांच्या असतात. बोथ्रिओक्लोआत त्या नसतात. एवढं बघितलं की चूक होत नाही.

होत नाही म्हणजे फारशी होत नाही. याच गटातलं बोथ्रिओक्लोआ इंटरमिडिया (आता त्याला ब्लॅडी म्हणतात) शेजारच्या जातींशी, इतकंच नव्हे तर दुसऱ्या वंशातल्या गवतांशीही संकर करतं आणि त्यांचे गुण आपल्यात ओढून घेतं. जॅक हार्लन आणि डी वेट या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये याच गवतावरून एक नवी कल्पना मांडली, शेजाऱ्यांची जनुकं गोळा करत जाणाऱ्या जातीची. अशा रोपापुढे उभं राहिलं की खुणा अर्ध्या इकडच्या, अर्ध्या तिकडच्या निघतात आणि दोष तुमच्या डोळ्यांचा नसतो.

याच घरात एक सुगंधी गवत आहे, वैदिगवत, म्हणजे बोथ्रिओक्लोआ ओडोराटा. त्याची नोंद वाचून मला फार आनंद झाला होता. मूळचे गोव्याचे डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ मुंबईत डॉक्टरकी करत आणि गवतांच्या मागे फिरत. त्यांच्या पत्नीही वनस्पतींच्या जाणकार होत्या. या श्रीमती लिस्बोआंनी १८८९ मध्ये मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात सुगंधी गवतांवर लेख लिहिला आणि त्यात या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आजही त्या गवताच्या नावापुढे ‘लिस्बोआ’ लिहितात ते श्रीमती लिस्बोआंसाठी.

नाकाने ओळखायचं गवत

सगळं गवत डोळ्यांनी ओळखता येत नाही. तिखाडी किंवा रोशा गवत हातावर चुरडून बघावं लागतं. पान काडीला बिलगतं तिथे त्याचा तळ हृदयाच्या आकाराचा असतो, त्यामुळे गवती चहापासून ते वेगळं काढता येतं. पण तिखाडीचेच दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ एक. मोतियाला गुलाबाच्या जवळ जाणारा गोड वास, सोफियाचा वास त्या मानाने उग्र. अत्तराच्या बाजारात मोतियाचं तेल पामरोझा म्हणून आणि सोफियाचं जिंजरग्रास म्हणून वेगवेगळ्या भावाने विकलं जातं. खानदेशातलं रोशाचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं.

या गवताचं शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात दक्षिणेत असताना जनरल क्लॉड मार्टिन यांनी त्याचं बी गोळा करून लखनौला लावलं आणि विल्यम रॉक्सबर्ग यांनी ते नाव दिलं. ‘ला मार्टिनियर’ शाळा ज्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या तेच हे मार्टिन.

कुश, दर्भ आणि कुशाग्र बुद्धी

पिठोरी अमावास्येला वर्षभराचा दर्भ गोळा करून ठेवायची पद्धत आहे. पण गुरुजींच्या बोटातलं पवित्रक गावोगावी वेगळ्या गवताचं असू शकतं. दोन गवतं या नावाखाली येतात. एक कुश, डेस्मोस्टॅकिया. तुरा ताठ, अरुंद, खांबासारखा आणि तपकिरी. पानाच्या कडा बोट कापतील अशा. दुसरं इंपेराटा. त्याचा तुरा कापसासारखा, रुपेरी पांढरा, वाऱ्यावर चमकणारा. तुरा नसेल तर पान उजेडात धरा. इंपेराटाची मधली शीर मध्यावर नसते, एका कडेकडे सरकलेली असते.

कुशाच्या टोकासारखी अणकुचीदार ती कुशाग्र बुद्धी. आणि हात न कापता कुश खुडून आणणारा तो कुशल, अशी पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात. गवताची ही धार येते कुठून? मातीतली सिलिका, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते तेच द्रव्य, गवत मुळांतून शोषतं आणि पानांच्या कडांवर तिचे सूक्ष्म दात तयार करतं. या सिलिकेची सर्वांत मोठी गोष्ट पुढे सांगतो.

शेपट्या

राळ्याची नातेवाईक सेटारिया गवतं आणि अंजन गवत, दोघांचीही कणसं शेपटीसारखी, केसाळ. फरक दाणे झडल्यावर कळतो. सेटारियाचे दाणे पडतात आणि केस दांडीवरच राहतात, ब्रशसारखे. अंजनाचा दाणा आपल्या केसांच्या झुपक्यासकट खाली उतरतो. सेटारिया व्हर्टिसिलाटाच्या केसांवर खालच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे कणीस कपड्याला असं चिकटतं की ओढून काढावं लागतं. कणसावरून बोट दोन्ही दिशांना फिरवून बघा. एकीकडे सरळ जाईल, दुसरीकडे अडेल.

आणि बरू? ज्वारीच्या पातळ, किडकिडीत भावासारखं दिसतं. जमीन उकरा. ज्वारीला नुसती मुळं असतात, बरूला जमिनीखालून दूरवर गेलेली जाड खोडं. दोघांच्याही कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार होऊ शकतं, म्हणून कोवळं कापून गुरांना घालू नये.

सड्यावरचं नक्षीकाम

कोकण आणि गोव्याचे जांभ्याचे सडे मे महिन्यात बघितले तर तिथे काही जगत असेल असं वाटत नाही. पावसात त्यावर इंचभर मातीत वीतभर उंचीची ग्लायफोक्लोआ गवतं उगवतात. १९८१ मध्ये डब्ल्यू. डी. क्लेटन यांनी हा वंश वेगळा काढला. नावाचा अर्थ ‘कोरलेलं गवत’. भारतीय द्वीपकल्पाबाहेर तो कुठेच नाही. जाती ओळखायच्या त्या तुसावरच्या कोरीव कामावरून. कुणाच्या तुसावर खळगे, कुणाच्या आडव्या वळ्या, कुणाला दोन्ही बाजूंना पंख, कुणाला काटे. भिंगाखाली धरलं की लेण्यातली नक्षी बघतोय असं वाटतं, आणि सगळं कणिशक तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. जातींची नावंही आपल्या मातीची, गोअेन्सिस, रत्नागिरिका, महाराष्ट्रेन्सिस.

भिडेया नावाचा गवताचा वंशही आहे. पुण्याच्या शेतकी खात्यात काम केलेल्या आर. के. भिडे यांचं नाव त्याला दिलंय. एका मराठी आडनावाचा गवताचा अख्खा वंश आहे, हे आपल्याला शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

सडे आणि माळ सरकारी नकाशांत पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून रंगवले जातात. मग तिथे खड्डे घेऊन झाडं लावली जातात किंवा जांभा काढला जातो. माझ्या मते हा शब्दच चुकीचा आहे. तणमोर या पक्ष्याच्या नावातलं तण म्हणजे हेच गवत. ते गेलं की मोरही जातो.

डायनासोरच्या शेणातलं गवत

आता सिलिकेची गोष्ट. गवत कुजतं, पण त्याच्या पेशींत साठलेले सिलिकेचे कण कुजत नाहीत. शिवाय या कणांचा आकार प्रत्येक गटाचा वेगळा. ज्वारी-बाजरीच्या गटातल्या गवतांत ते डमरूसारखे, हरळीच्या गटात घोड्याच्या खोगिरासारखे. म्हणजे पान, काडी, तुरा काही उरलं नाही तरी सूक्ष्मदर्शकाखाली गवताचं घराणं सांगता येतं.

चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या खडकांत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, तेव्हा स्वीडनमध्ये संशोधन करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले सिलिकेचे कण तपासले. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. त्या शेणात किमान पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे कण होते! तोवर गवतांचा विस्तार डायनासोर संपल्यानंतरचा मानला जात होता. पुढे २०११ मध्ये मध्य भारताच्या त्याच काळातल्या नमुन्यांत भाताच्या कुळीचे कणही ओळखले गेले. गवतं वेगवेगळी ओळखण्याच्या कलेने सृष्टीच्या इतिहासाचं एक पान बदललं, आणि ते वरोऱ्याच्या बाजूच्या एका गावात.

पिशवीत काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, एक टाचणी, जुना वर्तमानपत्राचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली, कुसळाच्या थेंबासाठी. गवत उपटण्याआधी मुळाशी बघायचं, मग पेर, मग जिभली, सगळ्यांत शेवटी तुरा. आपण नेमकं उलटं करतो, तुऱ्यावर भाळतो आणि म्हणून फसतो. स्थानिक नाव विचाराच, पण त्यावर थांबू नका. एका गावचा पवन्या दुसऱ्या गावात शेडा असतो आणि तिसऱ्या गावात या दोन नावांची दोन वेगळी गवतं असतात. धनगर बाबा किंवा गुराखी पोरं भेटली तर गुरं काय आधी खातात आणि काय सोडतात ते त्यांना विचारा. त्यांच्याइतकी बारीक माहिती पुस्तकांत नाही.

पुस्तकं मात्र उत्तम आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांचं ‘द बॉम्बे ग्रासेस’ १९३५ मध्ये आलं. ब्लॅटर आदल्याच वर्षी वारले होते. एन. एल. बोर यांनी १९६० मध्ये भारत आणि शेजारच्या देशांच्या गवतांचा मोठा ग्रंथ लिहिला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून २०१२ मध्ये पोतदार, साळुंखे आणि यादव यांचं ‘ग्रासेस ऑफ महाराष्ट्र’ प्रसिद्ध झालं. त्यातली चित्रं भिंगाशेजारी ठेवून बघावीत अशी आहेत. मराठीत असं पुस्तक व्हायला हवं, आणि ते शाळेच्या कपाटात हवं.

दिवस सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंतचे. त्यानंतर विळे लागतात, गवताच्या गंज्या रचल्या जातात आणि उरलेल्याला वणवा खातो. यंदा त्याआधी घराजवळच्या एका माळावर जा आणि पाच गवतं नावानिशी ओळखून या.